माल्टाची पांढरी माती

लाइट गेली होती. गेणभाऊंनी तंबाखू मळली, पोरांना जवळ सरकवलं आणि आपल्या जुन्या सोबत्याची, सावळारामची, गोष्ट काढली. गोष्ट खरी, असं ते शपथेवर सांगतात.

सावळाराम धरणाकाठच्या शाळेत शिपाई. साल २००३, महाशिवरात्रीचा दुसरा दिवस, रविवार, अमावस्या. सोमवारी सकाळी घोडेगावला शाळांचं प्रदर्शन. भूगोलाच्या हौशीराम गुरुजींना तिथं माल्टा बेट दाखवायचं होतं. चारी बाजूंनी समुद्र, नदी एक नाही, रान नाही. नुसते पांढरे कडे आणि दगडी बांध घातलेली पायरीपायरीची शेतं. सावळारामचा हात मातीत तयार. त्यानं फळीवर असं झकास बेट उठवलं की गुरुजी खूश.

घोळ मातीत होता. पांढरी माती हवी म्हणून त्यानं धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडं पडलेलं जुनं गावठाण उकरलं. गावाची पांढरी, म्हणजे वस्तीखालची माती, न्यायची तर आधी नारळ फोडून परवानगी मागतात. त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं, बजावलंही होतं.

"गावच न्हाई ऱ्हायलं, इचारू कुणाला?" म्हणून हा हसला.

रात्री जेवून फळी डोक्यावर घेतली नि घोडेगावला निघाला. रोजचा डांबरी रस्ता, डोळे मिटून चालला असता. मैलभर गेल्यावर पायाखालचं डांबर संपलं. दोन्ही अंगांना दगडी बांध आले. या रस्त्याला बांध कुठले? पुढं पाणी. मागं वळला. पाणी. डावीकडं कडा, खाली पाणी...

चकवा लागला की जागेवर बसावं, हे त्याला ठाऊक होतं. तो बसला. पण बसू कोण देतंय! बांधापलीकडं कुणीतरी खोकलं. मग जात्याची घरघर. मग पोराचं रडणं. दिवा एक नाही.

अडकलो, पुरता अडकलो. तो उठला, काठाकाठानं पळत सुटला. गोल. पुन्हा गोल.

"चुकलो... उद्या नारळ फोडतो. घरी जाऊ द्या. बायको वाट बघतीय."

जातं थांबलं, रडणं थांबलं.

मग अगदी कानाशी, म्हातारा आवाज...

"आन आमी कुठं जायचं?"

उजाडलं तेव्हा तो फळी घेऊन स्वतःच्या दारात उभा. कसा आला, सांगता येईना. लंकाबाईनं रडत रडत फळी उतरवली, त्याच्या हातात चहा दिला. मग तिचं लक्ष बेटावर गेलं. वाळलेल्या मातीत काठाकाठानं दोऱ्याएवढी पायवाट पडली होती, शंभरदा तुडवल्यासारखी. ती बेटाबाहेर कुठून निघते, म्हणून लंकाबाईनं तिच्यावरून बोट फिरवलं. बोट फिरत फिरत परत तिथंच आलं.

वाट बाहेर गेलीच नव्हती.

तिच्या पाठीमागं सावळाराम बशीतला चहा फुंकत होता.