चाळिसाव्याचे डोळे

बस तनुजा, इथं खिडकीपाशी बस, उजेड चांगला आहे. आधी चहा घे. पुण्याहून एवढ्या लांब आलीस, श्रीनिवास सरांनी पाठवलंय, काम मानाचं आहे, सगळं कळलं मला काल फोनवर. ती फाईल मात्र उघडू नको. भुयारी मेट्रोच्या त्या स्टेशनात समोरच्या भिंतीवर नवी मूर्ती लागलीय, तिचे डोळे तेवढे राहिलेत, आणि ते सरूताईच्याच हातचे पाहिजेत, असंच ना? मी नाय म्हणणार आहे. का ते ऐकून घे, मग खुशाल जा. आतल्या खोलीत आमचे हे बसलेत, म्हणून जरा हळू बोलते.

आमच्या पुंडलिकनगरात गणपतीच्या आधी दोन महिने कुणालाही विचार, आखणीवाल्या सरूताई कुठं राहतात, हाताला धरून दारात आणून सोडतील. साच्यातून मूर्ती कुणीही काढो, अंगाला रंग कुणीही देवो, डोळ्यांची आखणी माझ्याकडं. आधी पांढरं, मग काळी रेघ, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी शून्य नंबरच्या ब्रशानं चमकेचा एक पांढरा ठिपका. तो देताना श्वास धरायचा. ठिपका पडला की मूर्ती बघायला लागते.

हे मला सासूबाईंनी शिकवलं. दगडाबाई नाव, आणि स्वभावही काय मऊ नव्हता. बाकीच्या गोष्टी त्यांनी करून दाखवल्या, एकच दम देऊन सांगितली. जित्या माणसाचे डोळे मूर्तीला द्यायचे नाय. का म्हणून विचारलं तर म्हणल्या, दिलेली चीज परत मागता येत नाय. मी तोंडाला पदर लावून हसले होते. म्हातारीचं काहीतरीच, असं वाटलं होतं.

त्या स्टेशनाचं सरांचं पहिलं काम इथंच झालं, चिकलठाण्याच्या एका शेडात. तू तेव्हा नव्हतीस त्यांच्याकडं. भिंतभर प्रवासी, फायबरचे, माणसाएवढे. भाजीवाली, कॉलेजची पोरगी, रजेवर निघालेला फौजी, कडेवर लेकरू घेतलेली बाई. मोजून चाळीस. सर म्हणाले, चेहरे मी घडवलेत, नजर तुम्ही घाला. अकरा दिवस मी त्या शेडात होते. तुला सांगते, देवाचे डोळे सोपे. माणसांचे प्रत्येकाचे वेगळे लागतात. एकोणचाळीस झाले आणि माझं डोकं साफ रिकामं झालं. चाळिसावा एक गडी, दांडी धरून उभा. बाहेर ट्रक लागलेला, सर सारखे घड्याळ बघतायत.

तेवढ्यात आमचे हे माझा डबा घेऊन आले आणि समोरच्या स्टुलावर बसले. सोमनाथ नाव. वाळूजच्या एका कंपनीची बस चालवायचे, पंचवीस वर्षांत गाडीला ओरखडा नाय. नजर अशी की गंगापूरच्या रस्त्यावर लांबून शेळी दिसली तरी कुणाची ते सांगायचे. डाव्या बुबुळात एक तांबूस तीळ आहे त्यांच्या. मी वर बघितलं, आणि हात आपोआप चालायला लागला. तिळासकट काढले. ठिपका दिला, श्वास सोडला. हे उठून जवळ आले, म्हणाले, आयला, हा तर मीच की! लई खूश झाले. सासूबाईंची आठवण मला तेव्हाच झाली, खोटं कशाला बोलू. पण ट्रक लागला होता, आणि मला घरी जायची घाई होती.

भिंत पुण्याच्या त्या स्टेशनात बसवली, त्याच महिन्यात ह्यांना धूसर दिसायला लागलं. आधी डावा, मग उजवा. इथले डॉक्टर झाले, पुण्याचे झाले. सगळ्यांचं एकच, डोळे काचेसारखे साफ आहेत, काही बिघाड नाय. बिघाड नाय तर माणूस चहाच्या कपाऐवजी हवेत हात का घालतोय, हे एकालाही सांगता आलं नाय. कंपनीनं बस काढून घेतली तेव्हा हे दोन दिवस जेवले नाहीत. मी शिव्या दिल्या, देवाला, डॉक्टरला, ह्यांनाही. स्वतःला सोडून सगळ्यांना दिल्या.

मग एक दिवस म्हणाले, सगळंच जायच्या आत मला भिंतीवरचा मी बघायचाय. म्हणून गेलो. सकाळच्या बसनं पुणं, आणि भरदुपारी त्या भुयारात. सरकता जिना उतरतो न उतरतो तोच अंगावर गारवा आला. ओल्या सिमेंटचा वास, आणि लांबून कुठून तरी वारा, गाडीच्या आधी वारा येतो तिथं. आमच्या दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीत वारा येतो ना, तसा. उजेड एवढा लख्ख, तरी मला ते आठवलं. आम्ही तिसऱ्या डब्यात चढलो, आपलं स्टेशन दोन स्टेशनं पुढं होतं. गाडी नवीकोरी, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी दाराशी उभी, ह्यांना शेजारी धरून उभं केलेलं. तोवर ह्यांना फक्त उजेड आणि सावल्या कळायच्या.

गाडीचा वेग कमी झाला. तसा ह्यांनी माझा हात आवळला.

"सरू... गाडी आली."

मी म्हणलं, आपण गाडीतच आहोत. मान हलवली त्यांनी.

"नाय. समोर गाडी येतेय. तिसऱ्या डब्यात, दाराशी... तू उभी आहेस. निळं पातळ."

निळंच होतं. पण ह्यांचे डोळे माझ्याकडं नव्हतेच, खाली बुटांकडं होते. दार उघडलं. माणसं उतरली, आम्हीही उतरलो, आणि समोर फलाटाच्या भिंतीवर माझी चाळीस माणसं उभी होती. लोक थांबून फोटो काढत होते. ह्यांना धरून मी हळूहळू चाळिसाव्यापुढं नेलं. हे बोलत होते, अगदी बारीक आवाजात, जत्रेत लहान पोराला कुणी दाखवून द्यावं तसं.

"पदर घसरलाय तुझा... पिशवीचा बंद तुटलाय. शेजारी कोण म्हातारा गं, काठीवाला? काय दशा झालीय बिचाऱ्याची..."

मग हातातली काठी चाचपली त्यांनी. म्हणाले, "अरे, मीच आहे तो."

मी वर बघितलं, तनुजा. डोळे मीच काढलेले, तीळही तिथंच. पण ओले होते. रंग ओला असतो तसे नाय, माणसाचे असतात तसे. आणि चमकेचा ठिपका मी उजव्या अंगाला दिला होता, कायम तिकडंच देते. तो आता माझ्या बाजूला होता. मी दोन पावलं डावीकडं सरकले. ठिपका... आला माझ्या मागं.

परतीच्या गाडीत ह्यांचा हात माझ्या हातात घट्ट होता. गाडी सुटली तसे म्हणाले, "निघालीस? जपून जा." माझ्या कानाशी बसून म्हणाले हे.

त्या दिवसानंतर ह्यांना घरातलं काही दिसत नाय. सावल्यासुद्धा गेल्या. दिसतं ते फक्त तिथलं. आत खाटेवर बसून सांगत असतात, आता गाडी आली, आता एक पोरगी रडत उतरली, आता झाडूवाला आला. मी एकदा थिनर आणि फडकं घेऊन गेले होते, पुसूनच टाकते म्हणलं, होईल ते होईल. घरी ह्यांना लावलेला फोन कानाला होताच. पिशवीत हात घातला तर हे तिकडून म्हणाले, "सरू, नको. एवढं तरी दिसतंय." परत ठेवलं मी फडकं. काय करणार होते?

तेव्हापासून मी दर महिन्याला जाते. सकाळची बस, दोन स्टेशनांची मेट्रो, आणि त्या भिंतीपुढं पाच मिनिटं उभी राहते. फोन लावते, दिसते का विचारते. हे म्हणतात, दिसतेस. दिवाळीला नवी साडी नेसून गेले होते, तर हे फोनवर हुंदके देत होते. लोकांना वाटलं असेल ही बाई भिंतीशी काय बोलते. वाटू दे. नवऱ्याला बायकोचं तोंड बघायला सव्वादोनशे किलोमीटर लागतात, हे मी कुणाला समजावू?

आता कालचं ऐक. आठ दिवसांमागं हे म्हणाले होते, पलीकडच्या फलाटावर काहीतरी उभं केलंय, वरून कापड टाकलंय. मी मनावर घेतलं नाय. काल दुपारी मी भाकरी थापत होते. आतून हाक आली.

"आज न सांगता गेलीस?"

मी म्हणलं, कुठं गेले, इथंच तर आहे. भाकरी तव्यावर तशीच टाकून मी आत गेले.

"कापड काढलं त्यांनी. तूच आहेस, सरू. तुझं नाक... हनुवटीवरची ती खूणसुद्धा. फक्त डोळे काढायचे राहिलेत."

तुझा फोन त्यानंतर तासाभरानं आला. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, चेहरा कुणाचाच नाय, सरांनी मनानं घडवलाय. असेलही. म्हणून म्हणते, फाईल उघडू नको, मला बघायचंच नाय ते.

पण भीती मला त्या मूर्तीची नाय वाटली गं. संध्याकाळी ह्यांनी माझा हात चाचपडत धरला आणि म्हणाले, "तुझेच काढ ना. दोघं समोरासमोर राहू. मध्ये गाडी येईल तेवढीच." आणि हसले. किती दिवसांनी हसले! आणि मी... एक क्षण मी हो म्हणणार होते. भीती त्याची वाटली. मी हात सोडवून घेतला. लाज वाटली, तरी सोडवून घेतला.

तेव्हा सरांना सांग, सरूताईचा हात आता थरथरतो. ब्रशाला मी वर्षभर शिवले नाय, यंदाचे गणपतीसुद्धा परत पाठवले, गल्लीत कुणालाही विचार. ब्रश फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेत, किल्ली माझ्या गळ्यात. तू यायच्या आधी उगाच खात्री करावी म्हणून ट्रंक उघडली. हा बघ, शून्य नंबरचा. टोकाला बोट लाव.

ओला आहे ना? आणि रंग कोणता लागला... पांढरा?

थांब. ऐकलंस, आतून काय म्हणाले ते? म्हणाले, "सरू, समोरून आत्ता बघितलंस बघ माझ्याकडं."

तनुजा... उजेड एकदम कमी कसा झाला? ती खिडकी तू लावलीस का गं?