कंठपट्टी

इचलकरंजीत तेव्हा दर आठवड्याला नवं यंत्र बाजारात येई आणि ते घ्यावं की नाही, हे लोक पद्मजा मगदूमला विचारून ठरवत. भेसळ ओळखणारा दुधाचा चमचा, घामावर चार्ज होणारं घड्याळ, फोटोवरून झंपराचं माप घेणारी वेबसेवा. असलं स्वस्तातलं सगळं ती आधी घरी वापरून बघे आणि मग आपल्या वाहिनीवर खरं काय ते सांगे. कंठपट्टी मात्र तिनं वाहिनीसाठी मागवली नव्हती. वडिलांसाठी मागवली होती.

आण्णासाहेब मगदूम म्हणजे कबड्डीचे समालोचक. त्यांचा आवाज ऐकायला म्हणून लोक मैदानावर येत. गेल्या वर्षी कर्करोगामुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते मोबाइलवर चार शब्द टाइप करत, आणि बहुतेक वेळा तेवढेही करत नसत.

पट्टी बनवणाऱ्या कोल्हापूरच्या डॉ. शाहीन मोमीन स्वतः ती घेऊन घरी आल्या.

"आवाजच नाही, मग ही पट्टी वाचणार तरी काय?" पद्मजाच्या आईनं, त्रिशलाबाईंनी विचारलं.

"हुकूम," शाहीन म्हणाल्या. "बोलायचं म्हटलं की मेंदू जिभेला, जबड्याला, गळ्याच्या स्नायूंना विजेचे बारीक संदेश धाडतो. स्वरयंत्र गेलं तरी बाकीचे स्नायू आहेतच. पट्टी त्यांचे संदेश टिपून शब्द ओळखते. मग आमची 'स्वरपेढी' नावाची वेबसेवा आहे. तिथं आण्णांची जुनी ध्वनिमुद्रणं ठेवली, की तेच शब्द त्यांच्याच आवाजात बाहेर येतात."

"आणि मनातल्या मनात बोलले तर?" पद्मजानं लगेच विचारलं.

"तेव्हाही संदेश जातात, पण फार क्षीण. म्हणून आम्ही एक पातळी ठरवलीय. तिच्या वरचं ते बोलणं, खालचं ते मनातलं."

पण शस्त्रक्रियेनंतर आण्णांचे स्नायू अशक्त झाले होते. त्यांचं बोलणंच इतरांच्या मनातल्याइतकं क्षीण होतं. गळ्याला बांधलेली पट्टी गप्प राहिली. शाहीननी पातळी खाली आणली. मग आणखी खाली.

"त्रिशला," पट्टी म्हणाली.

तोच भरदार आवाज. त्रिशलाबाई मटकन खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या, रडूही लागल्या.

"एवढ्या खाली ठेवली तर मनातलंही मधेच निसटेल," शाहीननी बजावलं. "नीट विचार करा, आण्णा."

"निसटू दे की! रविवारी फायनल हाय."

रविवारी माइक पट्टीजवळ धरला आणि आण्णांचा आवाज मैदानभर घुमला, तेव्हा लोक उठून उभे राहिले. खेळाडूसुद्धा टाळ्या वाजवत होते. पूर्वी कधी बोलले नव्हते असे आण्णा बोलले. चढाईपटूनं पाय उचलायच्या आत त्यांनी डाव ओळखलेला असे, आणि आता तो सांगायला जिभेची वाट पाहायची नव्हती. "डावा कोपरा फसणार... फसला! पकड!" मधेच, "या पाहुण्यांना खेळातलं काय कळतंय," असंही निसटलं. मैदान हसून लोळलं, व्यासपीठावरचे पाहुणेही हसले. सामना संपल्यावर पोरांनी आण्णांनाच खांद्यावर घेतलं.

पद्मजानं वाहिनीवर सांगितलं, "ही पट्टी घ्या. डोळे झाकून घ्या." आठवडाभरात राज्यभरातून मागण्या आल्या. मुकी झालेली कितीतरी घरं बोलू लागली.

पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तिघं नाश्त्याला बसली होती. त्रिशलाबाईंनी आण्णांना मऊ भात वाढला. आण्णा घास चावत होते. ओठ मिटलेले होते.

"ऑपरेशन नकोच होतं मला," पट्टी म्हणाली. "हिच्या हट्टापायी जगलो."

पद्मजाचा हात थांबला. त्रिशलाबाईंनी मान वर केली. आण्णांचा चेहरा पांढरा पडला होता.

"ऐकलं हिनं," तोच भरदार आवाज म्हणाला. "आता हिच्याकडं बघू नये."

आण्णा त्रिशलाबाईंकडेच बघत होते. त्यांची बोटं पट्टीच्या बकलाकडे गेली आणि तिथंच थबकली. काढली तर पुन्हा ती शांतता. घातलेली ठेवली, तर स्वतःशी म्हणावं असं काही उरणार नव्हतं.

त्रिशलाबाई उठल्या. "तुमचं आतलं बोलून होऊ दे. मी परसात आहे."

"जाऊ नको," पट्टी म्हणाली.

त्या दारात वळल्या. "हे मला सांगितलंत, की मनात म्हणालात?"

आण्णांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. त्याआधीच पट्टी बोलून गेली.

"मलाच कळेना झालंय."