शुक्रवारी थांबणारी गाडी

गाडी बंद पडली ती बरोबर पुलाच्या पलीकडे, अंबरामपाळयमच्या वळणावर. धूर नाही, धक्के नाहीत, कुरकुर नाही. बोलता बोलता म्हातारीला डुलकी लागावी, तशी गप्प झाली. मलरनं किल्ली फिरवली. घुर्र... घुर्र... आणि पुन्हा शांतता.

आडी महिन्याचा, म्हणजे इथल्या आषाढाचा, वारा सुटला होता. त्या वाऱ्यात वाळत घातलेली साडी शेजारणीच्या माडावर सापडते, तिथे ओढणीचं काय. मलर खाली उतरली तशी ती उडून तोंडावरच आली. बाजूला सारली तर समोर एक माणूस उभा. हाताला काळं तेल, खांद्यावर फडकं, आणि मागे त्याचंच छोटं गॅरेज.

"पेट्रोल आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे. काटा चालत नाही, पण परवाच टाकी भरलीय."

"काटा बंद, गाडी बंद... आणखी काय काय बंद आहे?"

"तुमचं तोंड सोडून सगळं," मलर म्हणाली.

तो हसला. रागावणारा असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती आणि सगळ्यांचा वेळ वाचला असता. पण हसला. टाकीचं झाकण फिरवून त्यानं आत बांबूची काडी बुडवली, ओली निघालेली बघितली. मग बॉनेट उघडून इकडे ठोक, तिकडे पूस, असं बराच वेळ चाललं. "आता लावा किल्ली," म्हणाला. गाडी अशी सुरू झाली, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"काय झालं होतं?"

"तेच तर कळलं नाही," तो म्हणाला आणि मान खाजवत राहिला.

कळलं नाही असं म्हणणारा मेकॅनिक मलरनं जन्मात पहिल्यांदा बघितला. गिरणीत पोहोचेपर्यंत ती आरशात मागचा रस्ता बघत होती. मागे काहीसुद्धा नव्हतं.

मलर सव्वीस वर्षांची. पोल्लाचीला मामाच्या काथ्याच्या गिरणीत कचेरीत कामाला, राहायला आनैमलैला, आईजवळ. आईचं नाव दैवानै. गाडी वडिलांची, एकवीस वर्षांची पांढरी, लेकीपेक्षा पाचच वर्षांनी धाकटी. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. लोक म्हणाले, गाडी विकून टाका. दैवानै म्हणाली, माणूस गेलं म्हणून त्याची बैठक कोणी बाहेर फेकतं का. दर शुक्रवारी पहाटे ती स्वतःच्या हातानं गाडी धुवायची. मग चंदनाचं गंध आणि वर कुंकू... बॉनेटला, चाकांना, दिव्यांना, आणि या आडीपासून पेट्रोलच्या झाकणालासुद्धा. गाडी जिथून खाते तिथे देवाचं नाव आधी हवं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. हात मुळात सढळ. गंध लावायची ते पोळीला तूप लावावं तसं.

पुढच्या शुक्रवारी गाडी पुन्हा थांबली. त्याच वळणावर.

"आलात?" तो म्हणाला. त्याचं नाव कदिरवन, पण पाटीवर जागा पुरली नाही म्हणून नुसतं कदिर.

"आले नाही. अडकले."

"मागच्या वेळी इथे डास चावले का? नाही ना? मग अडकायला काय हरकत आहे, मॅडम."

"मॅडम म्हणू नका. गिरणीत वीस जण म्हणतात."

"मग काय म्हणू?"

नाव सांगायला असा किती वेळ लागतो? तिला लागला. "मलर," ती म्हणाली, आणि उगीचच गाडीच्या टपावरची धूळ बोटानं पुसायला लागली. टप त्याच सकाळी धुतलेला होता.

त्यानं झाकण उघडलं, काडी बुडवली, बॉनेट वर केलं. अर्ध्या तासानं गाडी चालू.

मग हे असंच सुरू झालं. शनिवार ते गुरुवार गाडी शहाण्या सुनेसारखी वागायची. शुक्रवार उजाडला की सात किलोमीटरवर, त्याच्या दारात, अंग टाकायची. जो भेटेल त्याचं एक मत. मामा म्हणाले बॅटरी, ती बदलली. पोस्टमन म्हणाला, माझ्या साडूच्या गाडीला असंच होतं, कॉइल निघाली. कॉइल बदलली. कदिरनं कार्ब्युरेटर उतरवून धुतला, पेट्रोलचा पंप उघडून बघितला, नळी नवी घातली. शुक्रवारी गाडी पुन्हा थांबली.

"हिला आजार नाही," तो एकदा कंटाळून म्हणाला. "हिचा काहीतरी नवस आहे."

"तुम्हाला जमत नाही असं सरळ सांगा."

"जमत नाही. पण दुसऱ्या कोणाकडे नेऊ नका."

"का?"

तो बॉनेटखाली वाकला. तिथून आवाज आला, "दुसरा... काही सैल करून ठेवेल."

मलर आता शुक्रवारी अर्धा तास लवकर निघायची. गाडी बंद पडणार, गिरणीत उशीर नको, असं तिचं कारण. कारण चांगलंच होतं. मग वेणीत कनकांबराचा गजरा कशाला, हे सुदैवानं कोणी विचारलं नाही. एका शुक्रवारी पुलावर आल्यावर गाडी जरा रेंगाळून पुढे सरकली, तसा तिचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. आज नाही थांबणार की काय? आणि थांबली तेव्हा बरं वाटलं. बरं का वाटलं? बंद पडलेल्या गाडीत बसून माणसाला बरं वाटतं? हे काय होतंय ते तिलाच उमजेना.

त्याचंही डोकं ठिकाणावर नसावं. एकदा त्यानं तिला चहा दिला आणि स्वतः रिकामा पेला तोंडाला लावून बसला. ती म्हणाली, "त्यात चहा नाहीये." तो म्हणाला, "माहीत आहे." आणि पुन्हा लावला.

पुढे पुरट्टासीत, दसऱ्याच्या महिन्यात, गिरणीचा ट्रकवाला रंगसामी मलरला म्हणाला, "कण्णु, पोरी, गाडी दरवेळी त्याच्याच दारात पडते? दुसरीकडे कुठे नाही?"

"नाही."

"काही मेकॅनिक एखादा नट सैल ठेवतात. गिऱ्हाईक फिरून यावं म्हणून. मी आपलं सांगितलं."

सांगून तो गेला. मलर मात्र कागद उलटे धरून संध्याकाळपर्यंत बसली. तो हसतो ते खोटं? कळत नाही म्हणतो ते? आणि खोटं असेल... तर नट सैल ठेवून तो तिला परत बोलावत होता, याचा राग यायला हवा की... छे. फसवणारा तो फसवणाराच.

त्या शुक्रवारी ती काचही खाली न करता बसून राहिली. त्यानं चहा आणला, तिनं नको म्हटलं. तो पेला हातात धरून किती तरी वेळ बॉनेटपाशी उभा होता.

दैवानैच्या कानावरही गेलंच. अशा बातम्यांना पाय नाहीत, पंखच असतात. तिनं लेकीला समोर बसवलं. "दर शुक्रवारी मी गाडीला न्हाऊमाखू घालून पाठवते आणि ती त्या पोराच्या दारात जाऊन बेशुद्ध पडते. हे गाडीचं दुखणं की त्याचं?"

"मला माहीत नाही, अम्मा."

"तुझं?"

मलर गाडीची किल्ली खुंटीला लावायला उठली.

"आयुधपूजेनंतर गाडी मामाच्या ताब्यात. उडुमलैचं गिऱ्हाईक आहे." दैवानैनं डोळे पुसले नाहीत, नाकच जोरात शिंकरलं. "तुझ्या अप्पांची गाडी लोकांच्या चेष्टेला नको."

म्हणजे गाडी गेली. आणि तो खरा होता की खोटा, हे कधीच कळणार नव्हतं. मलरला वाटलं, एकदा तरी कळू दे. खोटा निघाला तरी चालेल. नाही... चालणार नाही.

त्या वर्षी आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी, शुक्रवारीच आली. मायलेकी मामाच्या गिरणीतल्या पूजेला निघाल्या. दैवानै मागे, मांडीवर सुंडलचा, प्रसादाच्या हरभऱ्याच्या उसळीचा, डबा, केसांत मोगरा, मुद्रा अशी की आज मी स्वतः बघते. पूल ओलांडला. वळण आलं. गाडी थांबली.

"वा," दैवानै म्हणाली. "अगदी माहेरी आल्यासारखी."

गॅरेजच्या दाराला केळीचे खांब बांधले होते. आत जमीन सारवल्यासारखी स्वच्छ, केळीच्या पानांवर स्पॅनर, पकडी, हातोड्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकाला चंदन आणि कुंकू. बांबूची काडीसुद्धा त्यांच्यात बसून फूल मिरवत होती. कदिरच्या कमरेला धुवट वेष्टी, कपाळाला विभूती. आज पहिल्यांदा त्याचे हात काळे नव्हते. मलरनं बघितलं आणि नजर बाजूला घेतली.

"अम्मा, वणक्कम," तो म्हणाला. "पण आज मी हत्याराला हात लावू शकत नाही. उद्या सकाळी पूजा उतरली की..."

"हात लावूच नकोस. हात लावून लावून तर ही दशा केलीस." दैवानै खाली उतरली. "तंबी, बाळा, मला एकच सांग. कुठला नट सैल करतोस?"

त्याचा चेहरा उतरला. तो मलरकडे वळला. "तुम्हालाही असंच वाटतं?"

"मला कळत नाही," मलर म्हणाली. "गाडी इथेच का थांबते? आणि तुम्ही काही केलं की लगेच कशी चालते?"

"मलाही कळत नाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून तेच तर सांगतोय."

तिघंही गाडीभोवती उभी राहिली. अखेर मलरच म्हणाली, "तुम्ही सगळ्यात आधी काय करता? आल्या आल्या?"

"टाकीचं झाकण उघडतो. काटा बंद आहे ना, म्हणून पेट्रोल बघायला."

"झाकण हत्यार आहे का?"

"नाही... पण आज मी हात लावला की तुमच्या अम्मा..."

"मी उघडते," मलर म्हणाली. झाकणावर सकाळचं गंध बोटभर जाड बसलं होतं, मधे कुंकवाचा मोठा टिळा. तिनं जोर लावून फिरवलं.

फुस्स्स...

"साप," म्हणून दैवानै दोन पावलं मागे सरली.

साप नव्हता. टाकीनं कोंडलेला श्वास घेतला होता; एरवी वाऱ्यात आणि ट्रकांच्या घरघरीत तो ऐकू यायचा नाही, आज सुट्टीचा रस्ता शांत होता. कदिर वाकला. ते झाकण त्यानं मलरच्या हातातच ठेवून उन्हाकडे वळवलं, त्याच्या बोटांचा तिच्या मनगटाला स्पर्श झाला आणि दोघांनाही तो आत्ता लक्षात घ्यायला वेळ नव्हता. "इथे सुईएवढं भोक असतं," तो सावकाश म्हणाला. "पेट्रोल खाली गेलं की त्यातून हवा आत येते. हवाच नाही आली तर पेट्रोल पुढे सरत नाही. गाडी गुदमरते. झाकणाला गंध कधीपासून लावता, अम्मा?"

"आडीच्या पहिल्या शुक्रवारपासून."

गाडीही आडीच्या पहिल्या शुक्रवारी थांबली होती. ताजं गंध भोक बुजवायचं, सात किलोमीटरमध्ये गाडीचा श्वास संपायचा, आणि तिथे नेमकं कदिरचं दार. तो झाकण उघडायचा, गंध तडकायचं, गाडी आठवडाभर चालायची. मग पुन्हा शुक्रवार.

दैवानैनं आयुष्यात कोणाची माफी मागितली नव्हती. नवऱ्याचीही नाही, आणि तो तर चांगला माणूस होता. तिनं अंबाड्यातली पिन उपसली, मोगरा सैल झाला तरी झाला, आणि लेकीपुढे धरली. "पिन हत्यार नाही," ती म्हणाली. "कोर ते."

मलरनं भोक कोरून मोकळं केलं. किल्ली फिरवली. गाडी लगेच बोलायला लागली.

"आता नाही थांबणार," कदिर म्हणाला. आनंदाची बातमी द्यावी आणि आवाज असा, की घरातलं कोणी परगावी चाललंय.

दैवानैनं त्याला नखशिखांत न्याहाळलं. "तंबी, झाकण उघडलं की गाडी चालू होत होती. मग अर्धा अर्धा तास काय करत होतास?"

"बघत होतो, अम्मा."

"काय?"

"...इंजिन."

"हं," दैवानै म्हणाली आणि गाडीत बसली. रस्ताभर ती एकच वाक्य बोलली, तेही पोल्लाची आल्यावर. "मामाला सांग, गिऱ्हाईकाला कळव. गाडी विकायची नाही."

पुढच्या शुक्रवारी गाडी धुतली गेली. झाकणालाही गंध लागलं, पण कडेला, मोत्याएवढं. मलर निघाली. पूल आला, गाडी चालतेय. वळण आलं, गाडी चालतेय... इतकी गुळगुळीत की मलरला तिचा राग आला. दारात कदिर उभा होता, हात पुसत, वाट बघत नसल्यासारखा. गाडी त्याच्यासमोरून पुढे निघाली. दहा हात गेली आणि थांबली.

तो धावत आला. झाकण बघितलं. भोक मोकळं होतं. त्यानं तरी उघडलं. फुस्स झालं नाही. तो पुन्हा मान खाजवायला लागला. "भोक मोकळं, पेट्रोल आहे... कशी काय थांबली?"

"थांबली नाही."

"मग?"

मलरनं मूठ उघडली. तळहातावर किल्ली होती. "मी थांबवली."

तो किल्लीकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. ओढणी आज वाऱ्यानं उडाली नव्हती. पुरट्टासीचा वारा तेवढा नसतो. तरी तिला ती सारखी करावीशी वाटली.

"मलर... मी पण खोटं बोललो," तो म्हणाला. "त्या दिवशी. अम्मांशी."

"काय?"

"इंजिन बघत नव्हतो."

मलर हसली नाही. हसली असती तर डोळे भरले असते, असं काहीतरी विचित्र झालं होतं तिला. तिनं बाजूच्या सीटवरचा स्टीलचा डबा उचलून खिडकीतून बाहेर दिला. "अम्मानं दिलाय. सुंडल आहे. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणाली."

"कधी परत करू?"

"शुक्रवारी. पण इथे रस्त्यात नाही." तिनं किल्ली लावली, गाडी सुरू झाली, आणि त्या आवाजाच्या आडून ती उरलेलं म्हणाली. "घरी आणून द्यायचा. आणि तुझ्या आईला बरोबर आण, असं सांगितलंय."