क्षच्या वर्गाचं वर्गमूळ

मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांचा नवतपा लागला होता. दुपारचे नागपूरचे रस्ते नुसते भाजून निघत होते. पुष्पलता गजभिये इंजिनिअरिंग कॉलेजात गणिताच्या जागेसाठी मुलाखत देऊन बाहेर पडली, तेव्हा तिचा घसा कोरडा पडला होता. व्हरांड्यातल्या एका दाराच्या फटीतून थंडगार झुळूक तिच्या पावलांवर आली... आणि तिनं नकळत दार ढकललं.

"चप्पल बाहेर!"

ती दचकली. "मी... थंड वाटलं म्हणून..."

"मग या आत, अन् दार लावा. सारं थंड बाहेर पळून राहिलं."

बोलणारा मान वर न करता बोलला होता. बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, विस्कटलेले केस, नजर समोरच्या काळ्या पडद्यावर. ती अनवाणी आत आली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत होती. साइन क्षचं विकलन, आणि खाली उत्तर, कॉस क्ष. आकडा एकही नव्हता.

"हे... अक्षरांचं गणित करतं?"

आता त्यानं वर पाहिलं. "करते. आकडे तर कोणतंही यंत्र करते. हे क्ष घेते, अन् उत्तरही क्षमधेच देते."

"मी एक सांगू?"

तिनं सांगितलं ते संकलनाचं गणित सोडवायला बी. एस्सी.ला तिची अख्खी संध्याकाळ गेली होती. ती पदर सावरेपर्यंत उत्तर पडद्यावर होतं... आणि बरोबर होतं! तिच्या अंगावर काटा आला. देवळात न जाणाऱ्या घरातली ती मुलगी, पण हात जोडावेसे वाटले तिला.

"कुणी बनवलं हे?"

"कोणा एकानं नाही." तो हसला. "कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आहेत. कित्येकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नसेल. सारा प्रोग्रॅम उघडा करून टेपवर पाठवतात. म्हणतात, वापरा, आत डोकावून पाहा, चूक सापडली तर सुधारा अन् आम्हालेही कळवा."

"असंच देऊन टाकतात?"

"असंच."

त्याचं नाव विश्वनाथ वैरागडे. कॉलेजचा कॉम्प्युटर तो सांभाळायचा.

नोकरी तिला मिळाली. तास संपले की तिची पावलं आपोआप त्या गार खोलीकडे वळायची. ती गणितं घालायची, तो प्रोग्रॅमच्या आत काय चाललंय ते दाखवायचा. एका कंसात दुसरा, दुसऱ्यात तिसरा. सगळीकडे नुसते कंसच कंस.

"कंस मोजताना तुमचे ओठ हलतात," ती एकदा म्हणाली.

"तुम्हाले कसं माहीत? तुम्ही तर पडद्याकडे पाहून राहिल्या होत्या..."

पुष्पलतानं झटकन पडद्याकडे मान वळवली. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी सिव्हिलचे ज्येष्ठ प्राध्यापक गणपतराव कागद फडकावत आत आले. त्यांनी एका कालव्याचा छेद या प्रोग्रॅमला घातला होता, मधे खोल आणि दोन्हीकडे सारखा चढणारा.

"क्षेत्रफळ शून्य म्हणते तुमचं यंत्र! मग पाणी कुठे ठेवू, वैरागडे? खिशात? प्राचार्यांना सांगतो, बंद करा हे खेळणं. मशीन निकालाच्या कामाला लावा."

ते गेले. विश्वनाथचा चेहरा उतरला होता. पुष्पलतानं कागद उचलला. क्ष मधल्या बिंदूपासून मोजलेला, डावीकडे उणे, उजवीकडे अधिक; कालव्याची बाजू सूत्रात अशी होती: क्षच्या वर्गाचं वर्गमूळ.

"यानं त्याचं उत्तर क्ष धरलं असेल," ती हळूच म्हणाली. "क्ष उणे तीन असला तर? वर्ग नऊ, वर्गमूळ तीन. उणे तीन नाही. डावी बाजू यानं उणे धरली, उजवी अधिक. दोन्ही मिळून शून्य!"

विश्वनाथ तिच्याकडे पाहतच राहिला. मग खुर्ची ओढली. "बसा. शोधू."

चूक सापडली, पण सुधारणा सोपी नव्हती. उत्तर सगळीकडे धन करून टाकलं तर क्ष मुळात धन असलेली साधी गणितंही अडकायला लागली. एक गाठ सोडवली की दुसरी पडायची. तो वैतागून म्हणाला, "याले कसं कळावं, क्ष कसा आहे ते?"

"कळत नसेल तर..." ती थांबली. "तर विचारू दे की त्याला."

तिनं कागदावर एकेक शक्यता मांडली. त्यानं ती कंसांमधे बसवली. सुट्टीतही दोघं येत राहिले. शेवटी एका सकाळी तिनं क्षच्या वर्गाचं वर्गमूळ मागितलं. पडदा क्षणभर काळाच राहिला... आणि मग प्रश्न उमटला: क्ष धन आहे, ऋण आहे, की शून्य?

दोघंही पडद्याकडे झुकले. यंत्र उत्तर देत नव्हतं. मला माहीत नाही असं कबूल करून ते माणसाला विचारत होतं! पुष्पलताच्या डोळ्यांत पाणी आलं.

कालव्यात पुन्हा पाणी मावलं. गणपतरावांनी चष्मा काढून पडदा वाचला आणि पुटपुटले, "मला विचारतंय हे?" प्राचार्यांकडे मग ते गेलेच नाहीत. सुधारणा टेपवर चढून समुद्रापार गेली. थंडीत तिकडून निरोप आला: तुमची सुधारणा घेतली, आता सगळीकडे हेच चालेल. कुण्या अनोळखी शहरात कुणी क्ष लिहील, आणि नागपूरचे दोघे त्याला प्रश्न विचारतील... विश्वनाथनं निरोपाचा कागद घडी करून तिच्यापुढे ठेवला.

"पुष्पलता." त्याच्या तोंडचं नेहमीचं मॅडम पहिल्यांदाच गळालं होतं. "मी काल घरी सांगितलं. तुमच्याबद्दल."

तिनं मान वर केली. "आई काय म्हणाल्या?"

"जेवली नाही."

"आणि तुम्ही?"

"मीही नाही जेवलो... पण शब्द मागं नाही घेतला."

रविवारी तो इंदोरा वस्तीत तिच्या घरी आला. वडील आनंदराव गिरणीतून निवृत्त झालेले, छप्पन साली तरुणपणी दीक्षाभूमीवर उभे राहिलेले. त्यांनी त्याला बराच वेळ निरखलं.

"माय नाही म्हणते, तरी आले?"

"आलो, बाबा."

"उद्या माह्या पोरीले तुमच्या घरात कोणी पाणी नाही विचारलं, तर?"

विश्वनाथनं मान खाली घातली नाही. "आईची समजूत काढत राहीन. तोवर वेगळं राहू. बजाजनगरले दोन खोल्या पाहून ठेवल्या."

आनंदराव चकित होऊन मुलीकडे वळले. "काहून वं, तुले माहीत होतं?"

"नाही!" पुष्पलता डोळे विस्फारून त्याच्याकडे पाहत होती. हा लाजरा माणूस, ज्याला साधं नाव घ्यायला इतके महिने लागले...

"मग हिले विचारा ना," आनंदराव हसू दाबत म्हणाले. "मले काय सांगता?"

विश्वनाथ तिच्याकडे वळला. ओठ हलले, शब्द काही फुटेना. तिनंच विचारलं, "स्वयंपाकघरात ऊन येतं?"

"सकाळचं... येते."

"मग हो," ती म्हणाली.