जाळीपलीकडची कबुली

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. उलट थोडं गाळलंय. मी हे लिहिलंय असं दादाला कळलं, तर माझी काही धडगत नाही.

मागच्या वर्षी, ईस्टरच्या आधीचा तिसरा शनिवार. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन.

माझा दादा सुतार. मी दर शनिवारी चर्चमध्ये वेदीवरची फुलं लावते. त्या दुपारी आत आम्ही दोघंच होतो.

आमच्या चर्चमध्ये पापकबुलीसाठी एक जुनी लाकडी पेटी आहे. उभ्या कपाटासारखी. आत फादर बसतात, बाहेरच्या बाजूला आपण गुडघे टेकायचे, मधे बारीक जाळी. पण वर्षभर फादर तिच्यात बसतच नव्हते. वाळवी लागलीय म्हणायचे आणि पुढे खुर्ची टाकून कबुल्या ऐकायचे. पहिल्या बाकावरच्या बायकांना सगळ्यांची पापं पाठ झाली. लोक कुरकुरायला लागले, तेव्हा फादरनी नाइलाजाने दादाला बोलावलं.

दादाने सकाळीच पेटी ठोकून पाहिली.

वाळवी... कुठेच नव्हती.

लाकूड ठणठणीत. फक्त गुडघे टेकायची फळी सैल झालेली. ती त्याने काढून भिंतीला लावून ठेवली आणि दुपारी जाळीची चौकट आवळायला आत जाऊन बसला. दादाला गप्प करायचं तर तोंडात स्क्रू द्यावे लागतात, असं आई म्हणते. तेव्हा त्याच्या ओठांत खरंच चार स्क्रू होते.

मी वेदीपाशी देठ छाटत होते. स्क्रू आवळल्याची किरकिर ऐकू येत होती.

मग ती... थांबली.

मला वाटलं, दमला असेल. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मी वळून पाहिलं. पेटीचं दार अर्धं उघडं होतं. दादा जाळीकडे कान करून बसला होता.

आणि मधूनच मान हलवत होता.

कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा.

जाळीची दुसरी बाजू मला समोर दिसत होती. नुसती लादी, लादीवर भुसा.

तिथे... कुणीच नव्हतं.

मला हाक मारता येईना.

काय झालं ते दादाने नंतर बाहेर पायरीवर बसून सांगितलं. आधी बाईचा आवाज आला. वयस्कर, धाप लागलेला. आशीर्वाद मागून तिने थेट कुणाच्या तरी आजारपणाचं सांगायला सुरुवात केली. तोंडातले स्क्रू हातात घेईपर्यंत ती बरीच पुढे गेली होती. मग दादाने तिला थांबवलं. मी फादर नाही, सुतार आहे, म्हणाला.



"माहीत आहे," ती म्हणाली. "फादर उठून जातात. तू बस."

दादा बसला.

ती काय बोलली, ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही. आवाज थांबल्यावर तो लगेच वळसा घालून पाहायला गेला. फळी भिंतीलाच होती. भुशावर एक पाऊलही उमटलेलं नव्हतं.

आम्ही तसेच फादरच्या खोलीत गेलो. ते कुणाच्या तरी बाप्तिस्म्याचा दाखला लिहीत होते. दादाचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. कोण बाई, कशी होती, काहीच विचारलं नाही.

"पूर्ण ऐकलंस?" एवढंच विचारलं.

दादा म्हणाला, उरलेलं पुढच्या शनिवारी सांगते म्हणाली.

फादरनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"मला नाही जमलं रे," ते म्हणाले.

ईस्टरनंतर त्यांची बदली झाली. नवे फादर रविवारी सकाळी त्याच पेटीत बसतात. त्यांना काही जाणवत नाही.

दादा मात्र दर शनिवारी तीन वाजता तिथे जातो. वहिनी वैतागते, चर्चचं काम आहे की मारुतीचं शेपूट, म्हणून. तो पिशवी उचलून निघतो. घरी हल्ली फारसा बोलत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी मी फुलं लावत होते. पेटीतून कुजबुज आली. अंगावर काटा आला...

आवाज बाईचा नव्हता. दादाचा होता.

तो बाहेर आला, तेव्हा डोळे लाल झाले होते. मी विचारलं, तिचं अजून संपलं नाही का?

"तिचं कधीच संपलं," तो म्हणाला. "आता ती ऐकते."

मी उसनं हसले. म्हटलं, तुझी पापं ती किती असणार? फार तर कुणाचं टेबल उशिरा दिलं असशील. एका शनिवारात उरकतील.

दादा हसला नाही.

"मोठं अजून काढलंच नाही," म्हणाला, आणि पटाशी पिशवीत टाकून निघून गेला.

माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मला सायकल त्याने शिकवली. माझ्या लग्नातलं कपाट त्याच्या हातचं.

आता शनिवारी मी दोनलाच फुलं लावून घरी येते. वेदीपाशी कुजबुजही ऐकू येते, आणि मला ऐकायचं नाहीये.

तरी तीन वाजले की हातातलं काम थांबतं...