झाकणावरची पावडर

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही एका जुन्या निळ्या गाडीत मागच्या सीटवर बसला आहात. काचा बंद आहेत. गाडी चढाला लागते आणि हळूच एक वास येतो. चुलीवर तेल ठेवून कोणी गप्पा मारत बसलं, की येतो ना, तसा. करपट, घशाला खवखवणारा.

आता उघडा डोळे. त्या सीटवर नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती. नाक इतकं तिखट, की बाबा तिला नाकतोडी म्हणायचे.

"बाबा, आज कालपेक्षा जास्त येतोय."

बाबांनी गाडी गॅरेजकडे वळवली. परवा आईला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. तीन आठवडे तिच्या छातीनं सगळ्यांना घोर लावला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर नको, उग्र वास नको. ठसका लागला तर पुन्हा इथंच. दवाखाना दोन तासांच्या वाटेवर, आणि गाडी ही एकच.

गॅरेजच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि नाकतोडीला जवळ बोलावलं.

"हे बघ, इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. याच्या कडेनं रबरी पट्टी असते. ती कडक झाली, की तेल झिरपतं आणि खालच्या तापलेल्या नळीवर पडतं. मग काय होईल?"

"चर्र!"

"शाबास. उद्यापासून तूच ये कामाला."

त्यांनी पट्टी बदलली, सगळं पुसलं, सळई बुडवून तेल मोजलं. बरोबर खुणेपर्यंत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वास परत आला. मिस्त्रींनी सळई काढली आणि कपाळाला आठ्या घातल्या. तेल खुणेच्या वर बोटभर.

"साहेब, गाडी आहे का पिंप? जास्त झालं म्हणून बाहेर फेकतेय. कोणी ओतलं एवढं?"

"मी नाही बुवा. तेलाचं सगळं हीच बघायची."

ही म्हणजे आई. तिचा हात सढळ. झाडांना पाणी घालेल तर कुंडी वाहीपर्यंत. लांब जायचं असलं, की गाडीतही ओतायची. "असू दे थोडं जास्त," म्हणायची.

"पण त्या तर दवाखान्यात..."

"तेच ना."

मिस्त्रींनी जास्तीचं तेल काढून टाकलं. मग इंजिनभर पांढरी पावडर भुरभुरली. ही त्यांची नेहमीची रीत. पांढऱ्यावर काळा ओघळ लपत नाही. बॉनेट लावलं, गाडीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. दुपारचा डबाही त्यांनी गाडीसमोर स्टुलावर बसूनच खाल्ला.

चार वाजता तिघांच्या देखत बॉनेट उघडलं.

ओघळ कुठंच नव्हता. पावडर जशीच्या तशी होती. फक्त तेल ओतायच्या गोल झाकणावर तीन ठसे होते. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला दोन बोटं.

मिस्त्रींनी सळई बुडवली. तेल बोटभर वर.

"इकडे आण गं हात," ते म्हणाले. ठसे तिच्या बोटांपेक्षा मोठे होते. बाबांनी आपला हात धरला. ठसे लहान. मिस्त्रींनी स्वतःची जाडजूड बोटं नुसती पाहिली आणि विजारीला पुसली.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. आईचा रोजचा, चारचा. बाबांनी स्पीकर लावला.

"काय गं नाकतोडी, जेवलीस का?"

"हो. तू काय करतेयस?"

"काय करणार? आज दुपारभर झोपच झोप. दमल्यासारखं झालंय उगीच. आणि ऐक ना, इथल्या सिस्टर चिडल्यात माझ्यावर. विचारतात, ही पावडर कुठली? नखांत भरलीय म्हणे."

मिस्त्रींनी झाकणावरचे ठसे पुन्हा वाकून पाहिले.

"हाताला वासही येतोय कसला तरी. दोनदा धुतले, जात नाही. अहो, ऐकताय ना? उद्या निघताना तेल बघा हं. लांबचा रस्ता आहे."

"हो," बाबा म्हणाले.

फोन बंद झाला. बाबा पायरीवर बसले. मिस्त्री गाडीखाली शिरले आणि पुन्हा तेल काढू लागले. या वेळी त्यांनी कुणालाच काही समजावलं नाही.

नाकतोडी बराच वेळ त्या ठशांकडे पाहत राहिली. मग तिनं पावडरचा डबा उचलला. झाकणावर, आजूबाजूला नीट, दाट थर दिला. पायाखाली रिकामा क्रेट ओढला, टाचा उंचावल्या आणि झाकणाशेजारी बोटानं लिहिलं:

भरलंय. आता झोप.

आणि झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लोटतात तसं, दोन्ही हातांनी, आवाज न करता, तिनं बॉनेट खाली घेतलं.