पट मिटू नका

खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. मी यात पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

हे माझ्या मावसबहिणीच्या घरी घडलं. उदगीरला. आणि रात्री नाही...

भर दुपारी.

२०१६ चा उन्हाळा. तुम्ही तिकडचे असाल तर तो उन्हाळा वेगळा सांगायला नको. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. चौकात मात्र उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, असे मोठे फलक. "जिल्हा करा न्हाईतर राज्य करा, आधी टँकर लावून द्या," असं शिवकांताची सासू रत्नम्मा त्या फलकांना उद्देशून म्हणायची. घरात सगळे तिला अव्वा म्हणतात.

शिवकांता म्हणजे माझी बहीण. बी.एस्सी. झालेली, भुताखेतांना हसणारी. नवरा रेवणसिद्ध, त्याचं आडत दुकान. त्याला एकच नाद, बंगळूरला शिकताना लागलेला... पटावरच्या मोठमोठ्या खेळांचा. त्यातला एक त्याचा फार लाडका. पटावर एक वाळून गेलेलं शहर. ते आपण जगवायचं. यंत्र लावून पुढच्या वर्षांतलं पाणी, धान्य आत्ता आणायचं, आणि ती वर्षं आली की परत पाठवायचं.

त्या मे महिन्यात वीरण्णा नावाच्या मित्रानं त्याच खेळाचं एक्स्पान्शन पाठवलं. म्हणजे मूळ खेळात भर घालणारी दुसरी पेटी. तिच्यात बोटाच्या पेराएवढी रंगीत लाकडी माणसं होती. पाहुणे. आता पुढच्या वर्षांतून माणूसही आणता येणार होता.

"फक्त पट मिटायच्या आत पाहुण्याला परत पाठवायचं," रेवणसिद्धनं समजावलं.

"न्हाई पाठवलं तर?" अव्वानं विचारलं.

"मग तो कुठल्याच वर्षात राहत नाही. संपला."

"लई वंगाळ खेळ हाय रे तुझा. पाहुणा आला की च्या पाजावा अन् गाडीत बसवून द्यावा."

सगळे हसले.

डाव अर्धा राहिला. पट मधल्या खोलीत जमिनीवर तसाच मांडून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवणसिद्ध दुकानात, अव्वा माडीवर झोपलेली. शिवकांता स्वयंपाकघरात. मधल्या खोलीत गिरिजा, तिची पाच वर्षांची पोर, एकटीच खेळत होती.

मग हसण्याचा आवाज आला.

दोन पोरींचा.

"गिरिजा, कोण आलंय गं?"

"पाहुणी!"

शेजारची मुलं तर सुट्टीत आजोळी गेलेली. शिवकांता डोकावली. गिरिजा पटापाशी एकटीच. यंत्राच्या चौकटीत तिनं एक पिवळं माणूस उभं केलं होतं.

एवढंच. शिवकांता परत वळली.

स्वयंपाकघरातल्या रांजणावरची ताटली वाजली...

रांजणापाशी गिरिजाएवढीच एक मुलगी उभी होती. पिवळा फ्रॉक. डाव्या भुवईवर व्रण, भुवई मधोमध तुटलेली. गळ्यात चांदीची लिंगाची डबी. म्हणजे आपल्या लिंगायतांतलंच कुणाचं तरी लेकरू.

"पाणी दे ना," ती म्हणाली.

शिवकांतानं पेला दिला. अर्धाच. त्या उन्हाळ्यात कुणीच भरून देत नव्हतं.

पोर गटागटा प्यायली. ओठ पुसले. आणि अगदी रोजच्यासारखं म्हणाली...

"आई, अजून."

शिवकांता धावली ती मधल्या खोलीत. गिरिजाला काखेत घेतलं, पट फाडकन मिटला, सोंगट्या पेटीत कोंबल्या, झाकण दाबून धरलं.

घर चिडीचूप.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. जमिनीवर पेला आडवा पडला होता, अजून डोलत.

संध्याकाळी रेवणसिद्धनं सोंगट्या लावून पाहिल्या. पिवळी नव्हती.

"उन्हाचा चटका बसला तुला," तो म्हणाला. "वीरण्णा दुसरी पाठवेल, लाकडाचा तर तुकडा."

पेटी माळ्यावर गेली. पुढं पाऊस झाला, रांजण भरले. शिवकांताला दुसरी मुलगी झाली, नीलांबिका. लाडानं निलू.

निलू चालायला लागली आणि एकदा उंबऱ्यावर आपटली. डावी भुवई मधोमध फाटली. डॉक्टर म्हणाले, व्रण राहील, पण काळजीचं कारण नाही.

शिवकांता त्या भुवईकडंच बघत राहिली.

पाहुणी कोण होती ते तिला कळलं. आणि तिनं काय मिटून टाकलं होतं, तेही.

घरी येऊन तिनं नवऱ्याला माळ्यावर चढवलं. "अहो, पट काढा. होता तसा मांडा. मधल्या खोलीत, त्याच जागी."

"अगं पण..."

"तिला परत यायला वाट नको का?"

रेवणसिद्धनं गुमान पट मांडला. यंत्राची चौकट मोकळी ठेवली.

त्या दिवसापासून पट मिटलेला नाही. पाहुणे आले तरी तो जागचा हलत नाही. अव्वा कुरकुरते, "सुने, मी काय ह्याच्या भवतीनंच झाडून काढू व्हय जन्मभर?" पण काढते भवतीनंच. शिवकांतानं घरात पिवळं कापड येऊ दिलं नाही. दुपारी डोळा लावला नाही. निलूच्या मागं मागं फिरायची. आम्ही सगळ्यांनी तिला वेडी ठरवली. मीसुद्धा. आता मलाही लेकरू आहे, आता नाही म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात निलूला पाच वर्षं पूर्ण झाली.

एका दुपारी शिवकांता गच्चीवरचे कपडे काढायला गेली. तेवढाच वेळ. खाली आली तर अव्वा पान लावत बसलेली.

"निलू कुठाय?"

"हितंच खेळायलीय की. नणंदेनं तुझ्या, बीदरहून फ्रॉक धाडलाय, घालून दिला मी. लई गोड दिसती बघ..."

"कुठला रंग?"

अव्वाचा हात पानावरच थांबला.

मधली खोली रिकामी. न्हाणीघर रिकामं. बाहेरच्या दाराला आतून कडी.

शिवकांता पटासमोर गुडघ्यावर बसली. हाक मारायचा धीर होईना. हाक मारली आणि ती अर्ध्या वाटेतून भलतीकडं वळली तर?

तिला आठवत राहिलं... आपण अर्धाच पेला दिला होता. आणि पट मिटला होता. फाडकन.

बाहेर कुठंतरी टँकरचा भोंगा वाजला. उदगीरात गेल्या उन्हाळ्यात टँकर चालू नव्हते.

मग मागून पदर ओढला कुणीतरी.

निलू होती. पिवळा फ्रॉक, ओठ ओले. शिवकांतानं तिला असं आवळलं की पोर ओरडलीच. मुठीत काहीतरी होतं. शिवकांतानं एकेक बोट उघडलं...

पिवळं लाकडी माणूस.

"कुणी दिलं, बाळा?"

"ताईनं."

गिरिजा शिकवणीला गेली होती.

"कुठल्या ताईनं?"

"छोट्या ताईनं. माझ्याएवढ्या."

सोंगटी परत आली होती. पोर परत आली होती. शिवकांतानं पट मिटायला हात घातला. इतक्या वर्षांनी, एकदाचा.

"मिटू नको ना आई," निलू म्हणाली. "मी ताईला सांगून आलेय. उद्या येते म्हणून."

मी परवाच जाऊन आले त्यांच्याकडं. मधल्या खोलीतून जाताना मीही माझ्या लेकराला उचलून घेतलं.

पट अजून उघडाच आहे.